उसाच्या सऱ्या, पोरीच्या डोक्यावर

शनिवारी रात्री आठ वाजता लेकीनं जाहीर केलं, "पप्पा, उद्या मॅटवर कॉर्नरो घालून जायचंय."

मला सांगलीतला कॉलेज कॉर्नर ठाऊक. हे कॉर्नरो कुठल्या स्टॉपला लागतं, ते तिनं मोबाइलवर दाखवलं. कपाळापासून मानेपर्यंत डोक्याला घट्ट चिकटून गेलेल्या बारीक वेण्यांच्या ओळी.

एरवी हे खातं बायकोचं. पण ती बहिणीच्या डोहाळजेवणाला तासगावला. आणि लेकीचं म्हणणं बिनतोड होतं. कुस्तीत बट सुटली की नेमकी डोळ्यात जाते, आणि पिना-चिमटे तर मॅटवर चालतच नाहीत, लागतात म्हणून. २०२३ साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी आमच्या सांगलीत झाली आणि किताब सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं मारला, तेव्हा आमच्या घरातल्या बाहुल्या माळ्यावर गेल्या त्या गेल्याच.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. दिवसभर हळकुंडं मोडून मोडून बोटांच्या पेरांत पिवळा रंग मुरलेला. लहानपणी वडिलांबरोबर वाखाची दावी वळलेली. तीन पेड आपल्याला काय जड, असा एक गैरसमज होता.

वेणी म्हटलं की आधी तेल, हा आमच्या आईचा नेम. त्याप्रमाणे पळीभर खोबरेल चोपडलं, शेपटीच्या कंगव्यानं भांग पाडला, कपाळाजवळचे तीन पेड धरले. कृष्णेतली वाम हातात धरावी, तसे ते बोटांतून सटकले. चार वेळा.

शेवटी तालमीतल्या एका थोरल्या पोरीला व्हिडिओ कॉल. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "काका, तेल? आपली केसं आधीच गुळगुळीत. धुवा ती!"

रात्री नऊला पोरीला न्हायला घातलं. तिनं या काळात माझ्याविषयी जी मतं मांडली, ती इथं देत नाही.

मग ओलसर केसांवर दुसरा डाव. बोटभर रुंदीची पट्टी, तिच्या टोकाला चिमूटभर केस, त्याचे तीन पेड. सागरवेणीत कडेचा पेड मधल्याच्या वरून जातो, इथं तो खालून घ्यायचा. म्हणून वेणी केसांत बुडत नाही, वरंब्यासारखी वर उठते. दर वेढ्याला पट्टीतली नवी चिमूट उचलायची आणि पेडात मिसळायची. आणि बोटं डोक्याला टेकलेलीच हवीत. जरा उचलली की वेणी अधांतरी लोंबते. माझी पहिली वेणी थेट आयर्विन पूल झाली. खालून पूर गेला असता.

ती सोडली. दुसरी इतकी आवळली की लेकीच्या भुवया वर गेल्या आणि ती विनाकारण आश्चर्यचकित दिसायला लागली. "काका, कपाळाजवळ ढिलं ठेवा," मोबाइलमधून हुकूम आला, "सारखं ताणलं तर तिथली केसं कायमची जातात." वेणी न घालताच ज्याचं कपाळ टाळूपर्यंत पोचलंय, अशा माणसाला हे दोनदा सांगावं लागत नाही.

खाटेवरून आई बघत होती. "आरं, सरी वाकडी चाललीया तुजी. बांधावर चढलास की!"

थोरली पोरगी हसली. म्हणाली, "आजी, बरोबर बोललात." कॉर्नरो म्हणजे मक्याच्या ओळी. वेण्या मूळच्या आफ्रिकेतल्या लोकांच्या. त्यांना गुलाम करून कॅरिबियन बेटांवर उसात राबवलं, आणि तिकडं ह्याच वेण्यांना केनरो म्हणतात. उसाच्या सऱ्या.

आई जरा वेळ गप्प बसली. तिची अर्धी जिंदगी दुसऱ्याच्या उसात खुरपण्यात गेली. मग म्हणाली, "तरीबी, सरी सरळ पायजे."

साडेअकराला सहावी वेणी संपली. लेक माझ्या मांडीवर डोकं टाकून कधीच झोपली होती, आणि झोपेत तिनं मान वळवल्यामुळे शेवटची सरी मानेकडे न जाता डाव्या कानाच्या शिवारात शिरली होती. टोकांना रबर लावले. बोटं सरळ होईनात.

सकाळी पहिल्याच कुस्तीत लेक चीतपट. पण एक केस सुटला नव्हता! मी उठून टाळ्या वाजवल्या. समोरच्या पोरीच्या वडलांनी येऊन माझा हात हातात घेतला आणि "मोठ्या मनाचे आहात" म्हणाले. मी खुलासा केला नाही.

सोमवारी बायको परतली. वेण्या सोडल्या आणि पोरीला न्हाणीत घेऊन गेली. जरा वेळानं आतून आवाज आला,

"अहो, हिच्या डोक्याचा फेस पिवळा कसा काय? दोन दिवस बहिणीकडं काय गेले, पोरीला हळद लावून मोकळे झालात व्हय?"