‘एका केबलला २३ दिवस’ या रिव्ह्यूला टीव्हीच्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

काल रात्री शटर ओढता ओढता मुलीने तुमचा रिव्ह्यू वाचून दाखवला. तुमच्या स्पेक्ट्रम प्लसबद्दल, म्हणजे सिंक्लेअर कंपनीच्या ऐंशीच्या दशकातल्या, टीव्हीला जोडून चालवायच्या घरगुती कॉम्प्युटरबद्दल, एक स्टार. खाली लिहिलंय: ‘स्पेक्ट्रम प्लस टीव्हीला जोडून द्यायचं साधं काम. चार दिवस सांगून एका केबलला २३ दिवस लावले. ४,८५० रुपये घेतले आणि जुनाट डबा टीव्ही गळ्यात मारला. गेममध्ये रंग एकमेकांत सांडतात. फोनवर उद्धटपणे बोलतात. यांना यातलं काही कळत नाही.’

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. आमचा पोरगा फोनवर ‘म्युझियममध्ये ठेवा ते’ असं म्हणाला, ते चुकलंच. त्याला मी त्याच दिवशी झापलं होतं, आज परत झापलं.

पण ते २३ दिवस मला झोपू देईनात, म्हणून लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मशीन तुम्ही १९ ऑगस्टला, मंगळवारी आणून दिलंत. सोबत अडॅप्टर नव्हता. राउटरचा चालेल का, असं तुम्ही विचारलंत आणि मी नाही म्हणालो. व्होल्ट नऊच लागतात, पण स्पेक्ट्रमच्या पिनेत आत निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह असतं, राउटरच्या बरोबर उलटं. तो अडॅप्टर बनवला. मॉड्युलेटरमधली, म्हणजे चित्र टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटसाठी बदलून देणाऱ्या डबीतली, जुनी वायर सोडवून थेट व्हिडिओ सिग्नल बाहेर काढला. तुम्ही ज्याला ‘केबल’ म्हणताय ते हे काम. शुक्रवारी, २२ तारखेला दुपारी टीव्हीवर सिंक्लेअरची १९८२ सालची कॉपीराइटची ओळ आली. मी तिचा फोटो काढून तुम्हाला पाठवला आणि तुम्ही अंगठा दाखवलात. शनिवारी संध्याकाळी येऊन मशीन घेऊन गेलात. १९ ते २३ किती दिवस होतात, ते तुम्हीच मोजा.

मंगळवारी, २६ तारखेला मशीन परत आलं. चालू केलं की स्क्रीनवर नुसते रंगीत चौकोन. आता रिव्ह्यूमध्ये जे राहून गेलंय ते सांगतो. काउंटरवर तुम्हीच म्हणालात, ‘जॉयस्टिकचा इंटरफेस मागे लावला आणि लगेच असं झालं. पण मी आधी बंद केलं होतं, बाजूचं बटण दाबलं होतं.’

सर, ते बाजूचं बटण रीसेटचं आहे. त्याने प्रोग्रॅम पुसला जातो, वीज चालूच राहते. स्पेक्ट्रमला ऑन-ऑफचं बटणच नाही, बंद करायचं म्हणजे अडॅप्टरची पिन उपसायची. मागच्या ज्या उघड्या पट्टीवर जॉयस्टिक जोडायचा हा इंटरफेस बसतो, तिच्यावर पाच, नऊ आणि बारा व्होल्टच्या लाइन्स जवळजवळ आहेत. वीज चालू असताना इंटरफेस जरा तिरका बसला की शॉर्ट होतो आणि टीआर-४ नावाचा बारका ट्रान्झिस्टर जातो. तो गेला की मेमरीला लागणारे बारा आणि उणे पाच व्होल्ट बिघडतात आणि ४११६ नंबरचे मेमरीचे आयसी, म्हणजे चिप, मरायला लागतात. तुमच्या आठांपैकी तीन गेले होते. ट्रान्झिस्टर धरून चार पार्ट्स मी पाकिटात घालून तुम्हाला दिलेत, कोणालाही दाखवा.

यात तुमचीही फार चूक मी मानत नाही. बटण दिसलं की माणूस दाबणारच. मी शनिवारी मशीन हातात देताना हे तोंडाने सांगायला हवं होतं. दुकानात गर्दी होती, राहून गेलं. ते माझं. पण म्हणून दुसरं काम पहिल्याच्या हिशेबात धरून ‘एका केबलला २३ दिवस’ लिहायचं?

२६ तारखेला मी परत ‘चार दिवस’ म्हणालो, तेही मान्य. जीभ सवयीने बोलून गेली. दुसऱ्या दिवशी गणपती बसले. आमची गल्ली बुधवार पेठेत आहे. संध्याकाळनंतर इथे गाडी सोडा, माणूस धड आत शिरत नाही, हे तुम्ही पुण्याचेच असल्यामुळे सांगायला नको. ४११६ हा आयसी आता नवा कोणी बनवत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेल्या पाचांतले चार मेलेले निघाले आणि पाचव्यावर नंबर घासून नवा छापलेला होता. ३१ तारखेला, रविवारी, जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडे ॲपल-टू या जुन्या कॉम्प्युटरच्या नकलेचा बोर्ड मिळाला. त्यावर हेच आयसी असतात. एकेक उपसून तपासले, तेव्हा कुठे तीन चांगले सापडले. ते बसवायला घेतले आणि विसर्जन आलं. अनंत चतुर्दशीला दुपारी तुम्ही फोन केलात, ‘झालं का?’ मागे ढोल वाजत होते, तुमचं निम्मं मला ऐकू आलं नाही आणि फोन मी पोराकडे दिला. म्युझियमचं वाक्य त्या फोनवरचं.

११ सप्टेंबरला मशीन तुमच्या हातात होतं. म्हणजे पहिलं काम चार दिवसांत आणि दुसरं सोळा दिवसांत. सोळा जास्तच झाले, नाही म्हणत नाही. पण तेवीस नाहीत.

आता ‘डबा टीव्ही’. तुमचा घरचा मॉनिटर आणि ऑनलाइन घेतलेलं कन्व्हर्टर, दोन्ही तुम्ही आणलं होतंत आणि दोन्ही मी तुमच्यासमोर लावून पाहिलं. स्पेक्ट्रम सेकंदाला १५,६२५ ओळी काढतो. कॉम्प्युटरच्या मॉनिटरच्या व्हीजीए सॉकेटला साधारण ३१ हजारांच्या पुढे लागतात. नुसती वायर बदलून हे जुळत नाही. कन्व्हर्टरवर चित्र आलं, पण उडी मारायची कळ दाबली की पडद्यावरचा गडी क्षणभर उशिरा उडायचा. तुम्हीच म्हणालात की असं खेळण्यात मजा नाही. तुमच्या हॉलमधला मोठा टीव्ही कधी चित्र दाखवतो, कधी ‘नो सिग्नल’ म्हणतो. त्याचं कारण हे मशीन टीव्ही केंद्रासारखं ६२५ ओळींचं, एकाआड एक ओळ काढत पुरं होणारं चित्र देत नाही, ३१२ ओळीच पुन्हा पुन्हा पाठवतं, आणि काही नवे टीव्ही ते ओळखत नाहीत. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला याचं काही वाटत नाही, तो येईल तसं दाखवतो. म्हणून मागे एव्ही सॉकेट असलेला १४ इंची रंगीत संच दिला, तोही आतून धूळ काढून, सोल्डर तपासून. गळ्यात मारायचाच असता तर बावीस किलोचा एकवीस इंची मारला असता, तो गोडाऊनमध्ये जागा अडवून बसलाय.

आणि रंग सांडतात ते टीव्हीमुळे नाही. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, आठ बाय आठच्या चौकटींत वाटलेला. एका चौकटीत दोनच रंग मावतात. तुमचा पांढरा गडी हिरव्या झाडासमोरून गेला की तोही हिरवा होणार. विलायतेत १९८२ साली पहिलं मशीन आलं तेव्हाही होत होता. तो बिघाड आम्ही दुरुस्त करू शकत नाही, कारण तो बिघाड नाही. मी इतका वेळ खात्रीने बोलतोय त्याचं कारण, १९८६ पासून हेच स्पेक्ट्रम प्लस आपल्या पुण्यातल्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने विकलं. त्यातलं एक माझ्याकडे आहे. तुमचं चित्र मी त्याच्या शेजारी लावून जुळवलं. ‘यांना यातलं काही कळत नाही’ हे वाक्य मुलीने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. असो.

पैशांचं थोडक्यात. टीव्ही २,०००, अडॅप्टर ४५०, पहिलं काम ६००, दुसरं काम आयसी धरून १,८००. सगळं पावतीवर आहे. मुंबईहून आलेल्या मेलेल्या आयसींचे पैसे तुम्हाला लावले नाहीत. गेम ज्यावरून मशीनमध्ये भरता त्या टेप रेकॉर्डरचं हेड सरळ करून दिलं, त्याचेही घेतले नाहीत.

यापुढे काय करणार, असं लोक अशा उत्तरात विचारतात. अडॅप्टरवर ‘आधी पिन काढा, मग मागे काहीही लावा’ अशी चिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली आहे. दिवस सांगताना जरा हात राखून सांगू. फोनचंही बघतो.

गल्लीत आमच्यासारखी टीव्हीची दुकानं आता बोटांवर मोजण्याएवढी राहिली आहेत, आणि नवं गिऱ्हाईक आधी स्टार बघून मगच येतं. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. त्या २३ च्या जागी खरं काय झालं तेवढं लिहा, स्टार एकच राहिला तरी चालेल.

तुमच्या जॉयस्टिकचा इंटरफेस अजून दुकानात आहे. त्याची पट्टी वाकली होती, ती सरळ करून ठेवली आहे. संध्याकाळी पाचनंतर कधीही या. मशीन घेऊन आलात तर मी स्वतः लावून दाखवतो, पिन काढून.