परत आलेला पेपर

सांगलीच्या विश्रामबागेत माझं डीटीपीचं दुकान आहे, २००३ पासून. सुरुवात लग्नपत्रिका आणि भाडेकरारांनी झाली, पण गेली पंधरा वर्षं निम्मं काम प्राध्यापक मंडळींचं असतं. शोधनिबंध टाइप करायचा, जर्नलच्या नियमांत बसवायचा आणि बऱ्याचदा सर शेजारी चहा पीत बसलेले असताना त्यांच्या मेलवरून पाठवूनही द्यायचा. मी स्वतः बी.ए. आहे, तेही मुक्त विद्यापीठातून. तरीही या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं वाटतं, कारण या निबंधांतलं अक्षर न् अक्षर वाचलेली माणसं दोनच असतात. एक ज्यानं लिहिलं तो आणि दुसरी मी. कधीकधी एकटी मीच.

एक गंमत सांगते. वर्डमध्ये फाइल तयार केली की तिच्या पोटात लेखक म्हणून त्या कॉम्प्युटरवर नोंदवलेलं नाव आपोआप जाऊन बसतं. माझ्याकडे टाइप झालेल्या प्रत्येक निबंधात ते माझ्या दुकानाचं असायचं. अर्थशास्त्र, भूगोल, संत साहित्य, शारीरिक शिक्षण, झाडून सगळ्यांत. त्या हिशेबानं सांगली जिल्ह्यातली सगळ्यात मोठी बहुविद्याशाखीय संशोधक मीच! हे मला कळलं ते एका संपादकांमुळे. त्यांनी फाइल परत पाठवून लिहिलं होतं की आमच्याकडे निबंध दोन परीक्षकांकडे जातो, लेखक कोण ते त्यांना कळता कामा नये, तेव्हा नाव पहिल्या पानावरून काढलंत तसं फाइलच्या माहितीतूनही काढा. इतकी वर्षं धंदा करून हे मला पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. म्हणजे आधी पाठवलेल्या शेकडो फाइली कुणी उघडून नीट पाहिल्याच नव्हत्या की काय? तेव्हापासून मी दोन फाइली करते. एकीत नाव, पद, कॉलेज, मेल आणि दुसरीत नुसता निबंध. 'मागील निबंधात मी म्हटल्याप्रमाणे' अशी वाक्यंसुद्धा दुसरीतून काढायला सांगते, त्यावरूनही माणूस ओळखू येतो.

आमच्याकडे हंगाम असतो. स्थाननिश्चितीच्या, म्हणजे पदोन्नतीच्या फाइली भरायची वेळ आली, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येणार असली, की दुकानात गर्दी. 'ताई, या महिन्यात दोन पेपर बसायला पाहिजेत.' बसायला! निबंध लिहिला जात नाही, तो बसतो किंवा टाकला जातो. व्हॉट्सअॅपवर जाहिराती फिरतच असतात: कोणताही विषय, कोणतीही भाषा, ४८ तासांत प्रकाशन, सोबत प्रमाणपत्र, इम्पॅक्ट फॅक्टर सात पूर्णांक काहीतरी. खरा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या निबंधांचा इतरांनी किती उल्लेख केला याचा आकडा, क्लॅरिव्हेट नावाची कंपनी दरवर्षी काढते हे मला माहीत झालंय, पण जाहिरातीतला आकडा कुठून आला हे विचारणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. तेच आयएसएसएनचं. 'आयएसएसएन आहे ना, मग झालं.' अहो, तो नियतकालिकाला मिळणारा आठ अंकी नंबर म्हणजे गाडीची नंबरप्लेट. भारतात तो दिल्लीहून फुकट मिळतो. नंबर आहे म्हणजे गाडीची नोंद आहे, इंजिन चालू आहे की नाही ते त्यावरून कसं कळणार?

यादीची गोष्ट तर सगळ्यांना आठवत असेल. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१७ साली मान्य जर्नल्सची यादी काढली आणि २०१८ च्या मे महिन्यात तिच्यातली ४,३०५ नावं एका फटक्यात उडवली. त्या आठवड्यात एक सर माझ्यासमोर खुर्चीत बसून ती यादी वरून खाली, खालून वर करत होते. मग २०१९ मध्ये यूजीसीचीच केअर लिस्ट ही नवी यादी आली. ती आल्यावर त्याच नावाची, तोच आयएसएसएन लावलेली नकली संकेतस्थळं निघाली. माझ्याच एका गिऱ्हाइकानं अशा ठिकाणी पैसे भरले, निबंध दिसायलाही लागला आणि सहा महिन्यांनी कळलं की मूळच्या नियतकालिकाला या प्रकाराचा पत्ताच नाही. आता फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर लिस्टही बंद झाली. जर्नल कसं निवडायचं याचे निकष यूजीसीनं सुचवले आणि निवड ज्याची त्यानं, ज्याच्या त्याच्या संस्थेनं करायची असं ठरलं. बरेच जण घाबरले. मला मात्र बरं वाटलं. यादी होती तोवर जर्नलचा एक तरी अंक उघडून वाचायची कुणाला गरज पडत नव्हती. नाव आहे का बघायचं, संपलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक सर हळदीच्या शेतकऱ्यांवरचा निबंध घेऊन आले. पन्नास शेतकरी, प्रश्नावली, टक्केवारीचा तक्ता. एका प्रश्नाला एकच उत्तर द्यायचं होतं, तरी चार रकान्यांची बेरीज १०४ टक्के येत होती. मला सवय आहे, मी तक्ता टाइप केला की बेरीज करून बघते. सरांना दाखवलं. ते हसले. म्हणाले, 'राहू द्या हो ताई, कोण वाचतंय.' मंगळवारी पाठवला, गुरुवारी स्वीकारल्याचा मेल. परीक्षकाचा अभिप्राय एका ओळीचा: निबंध उत्तम आहे. पंधराशे रुपये भरले आणि ते १०४ टक्के छापून आले, आजही आहेत.

सर वाईट नाहीत हं. चांगलं शिकवतात, माझी भाची त्यांच्या वर्गात होती. सकाळपासून तास, परीक्षेचं काम, वरून वीस प्रकारचे अहवाल आणि मग पदोन्नतीला निबंध दाखवा. माणूस जवळची वाट धरणारच. पण ती वाट चालू ठेवण्यात माझ्या दुकानाचाही हात आहे, हे मलाही कळतं.

फॉण्टचं एक सांगायलाच हवं. अजूनही निम्मे लोक श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर आणतात. तो फॉण्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती रांगोळी. कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या युनिकोडमध्ये करून घ्या म्हटलं तर एकजण मला डोळा मिचकावून म्हणाले, 'असू दे की, साम्य शून्य टक्के येतंय.' बरोबरच आहे. मजकूर दुसरीकडून उचललाय का ते तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी दिसतच नाही, रांगोळी दिसते, आणि तशी रांगोळी इंटरनेटवर दुसरीकडे कुठे सापडणार? यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. इथं अख्खं प्रकरण उचललेलं असलं तरी शून्य! मी आता सरळ सांगते, युनिकोडमध्ये असेल तरच काम घेईन. रूपांतर करून देते, पण नंतर जोडाक्षरं, रफार आणि अवतरणचिन्हं डोळ्यांनी तपासावी लागतात, त्याचे पैसे वेगळे. अलीकडे मोबाईलवर एआयकडून लिहून घ्यायचा नवीनच प्रकार सुरू झालाय. संदर्भसूचीतल्या एका पुस्तकाचं साल राहिलं होतं म्हणून मी शोधायला गेले, तर तसं पुस्तकच नाही. लेखक खरा, प्रकाशन खरं, पुस्तक काही सापडेना. सरांना विचारलं तर ते मोबाईलकडे बघायला लागले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या वर्षी पीएच.डी. करणारी एक मुलगी यायला लागली. विषय हळदच, पण साठवणुकीचा. तिनं दिवाळीनंतर एका बहुविद्याशाखीय जर्नलकडे निबंध पाठवला. फी नाही, प्रमाणपत्र नाही. पाच महिने काही उत्तर नाही. मैत्रिणींचे तोवर दोन-दोन छापून झाले. मग मेल आला. दोन परीक्षकांचे मिळून तीन पानं आक्षेप. मुलगी दुकानात येऊन रडवेली झाली. 'काकू, हे नको, दुसरीकडे टाकूया.'

मी म्हटलं, आधी वाचून तरी दाखव. पहिल्या परीक्षकाचा पहिलाच प्रश्न असा: 'पेव म्हणजे काय, हे निबंधात कुठेही सांगितलेले नाही.'

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. सतरा पानांत 'पेव' शब्द शंभरदा तरी आला असेल. मी तो टाइप केलेला, तिनं तो तपासलेला. सांगलीच्या माणसाला पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार, समजावून सांगायचं असतं हे ना तिच्या डोक्यात आलं ना माझ्या. आणि माझं माहेर पेवांच्या हरिपूरचं! परीक्षक दुसऱ्या विषयाचा होता, बहुधा दुसऱ्या गावचाही. म्हणूनच त्याला ते दिसलं. बहुविद्याशाखीय म्हणजे कुठलाही विषय चालतो असा अर्थ मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुमचा विषय न शिकलेला माणूसही तो वाचणार आहे, हा अर्थ त्या दिवशी कळला.

बाकीचे आक्षेपही असेच बोट ठेवणारे. शेतकरी निवडले कसे? पेवाचा आणि शीतगृहाचा खर्च शेजारी शेजारी का मांडला नाही? २००५ आणि २०१९ च्या महापुरांनंतर काय झालं? सारांशात 'अभ्यास केला आहे' असं चारदा आहे, पण सापडलं काय ते एकदाही नाही. या शेवटच्या आक्षेपावर मी तिला म्हटलं, हा तर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक निबंधाला लागू पडतो. सारांशात कुठं, किती जणांना, काय विचारलं आणि काय हाती लागलं एवढं पाहिजे. विषयाचं महत्त्व आत सांगा की.

तिला घेऊन एका रविवारी हरिपूरला गेले, चुलत्यांकडे. ते ऐंशीच्या घरातले. त्यांनी तिला पेवाची जागा दाखवली आणि बोलत सुटले. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत खोली होईल इतकं रुंद. हळद भरली की वर पाला आणि माती. उघडताना मात्र घाई नाही. 'आत वारं कोंडलेलं असतंय बाई. तोंड उघडून ठेवायचं, चार-सा तास बसायचं बिडी वडत. लगेच उतरला तो गेला.' मुलगी भराभरा लिहून घेत होती. महापुराच्या वेळी पेवांत पाणी शिरलं, त्या मालाचं काय झालं, हेही त्यांनीच सांगितलं, शेतकऱ्यांच्या नावानिशी. तिच्या प्रश्नावल्यांत जे आलं नव्हतं ते ओट्यावर तासाभरात आलं.

सुधारलेला निबंध मे महिन्यात गेला. सोबत एक तक्ता करून दिला मी: डावीकडे परीक्षकाचा आक्षेप, उजवीकडे काय बदललं आणि कुठल्या पानावर. एका आक्षेपाशी ती सहमत नव्हती, तिथं तिनं का बदललं नाही ते लिहिलं. मला वाटलं होतं संपादक रागावतील. नाही रागावले.

परवा पुन्हा परत आलाय. या वेळी अर्धंच पान. दोन संदर्भांचे पृष्ठ क्रमांक राहिलेत आणि पेवाची उभ्या छेदाची आकृती हवी आहे, तीनशे डीपीआयमध्ये. मैत्रिणीचा तिसरा पेपर एव्हाना आला. ही अजून पहिल्यावरच आहे आणि काल मला विचारत होती, 'काकू, खोली फुटात द्यायची का मीटरमध्ये?'

आकृती चुलत्यांनी काढलीय, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीनं. माप वितीनं आणि पुरुषानं, म्हणजे उभ्या माणसाच्या मापानं, लिहिलंय. उद्या स्कॅन करायला बसणार आहोत, त्याआधी एक पुरुष म्हणजे किती मीटर ते ठरवायचंय.