देवळातलं यंत्र आणि दरबारचे ट्रम्पेटवाले

गेल्या महिन्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. गावच्या देवळात आरतीला आता विजेवर चालणारं नगारा-घंटेचं यंत्र बसवलंय. सनई-चौघडा सांभाळणारे गुरवकाका थकले, त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला. विश्वस्त असलेले आमचे आबा म्हणाले, ''यंत्र वेळेवर वाजतं, आणखी काय हवं?'' आत्याने लिहिलं, परंपरा बुडाली. त्यावर चुलतभावाचा प्रश्न मला अजून टोचतोय: ''जातीने गळ्यात मारलेल्या कामातून एक मुलगा सुटला, याचं तुम्हाला दुःख होतंय का?''

मी नऊ वर्षं जर्मनीत लाइपझिगला राहते. इथे डिसेंबरात बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराचा ख्रिसमस ओरेटोरिओ होतो, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदाने सांगितलेली ख्रिस्तजन्माची कथा. तो सुरू होतो एकट्या नगाऱ्यांच्या ठोक्यांनी आणि थोड्याच वेळात तीन ट्रम्पेट झेप घेतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला देवळाची पहाट आठवली. मागाहून कळलं की हे संगीत आधी देवासाठी नव्हतंच. सॅक्सनीचा, म्हणजे लाइपझिग ज्यात होतं त्या राज्याचा, सत्ताधीश 'इलेक्टर', त्याची पत्नी मारिया योझेफा हिच्या वाढदिवसासाठी, ८ डिसेंबर १७३३ ला, ते इथल्या एका कॉफीघरात वाजलं होतं. मूळ शब्दांत नगाऱ्यांना आणि ट्रम्पेटांनाच वाजण्याची साद होती, म्हणून सुरुवात नगाऱ्याने. पुढच्या वर्षी बाखने शब्द बदलून तेच चर्चमध्ये नेलं.

नगारे आणि ट्रम्पेट ही जर्मन राजांची निशाणी होती, जशी आपल्याकडे नौबत. रायगडाला नगारखाना आहे, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे. घोड्यावरची नगाऱ्यांची जोडी तर युरोपात तुर्कांच्या वाटेने आली. आपला नगारा त्याच घराण्यातला.

त्या ट्रम्पेटला कळा नव्हत्या, भोकं नव्हती. सात-आठ फूट पितळी नळी, फुंकर आणि ओठ, एवढंच. ओठ आवळत नेले की स्वर एकेक पायरी चढतात. खालचे स्वर तुतारीसारखे एकमेकांपासून लांब. पण आठव्या स्वरापासून वर ते जवळजवळ येतात आणि तिथे सप्तक सापडतं. त्यातला अकरावा स्वर शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या जवळपास मधोमध पडतो. हवा तो मध्यम वादकाने ओठाने ओढून आणायचा. ही विद्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीशिवाय येत नाही.

आणि ती सांभाळली होती कायद्याने. १६२३ मध्ये जर्मन राज्यांचा सम्राट दुसऱ्या फर्डिनांडने ट्रम्पेट-नगारावाल्यांच्या संघाला सनद दिली. तंटे सोडवायला सॅक्सनीचा इलेक्टर. शिक्षण दोन वर्षांचं, फी १०० थालर, म्हणजे तेव्हाची चांदीची नाणी. लढाईचा अनुभव घेतलेल्या उस्तादालाच शिष्य ठेवता येई. शहराच्या पगारी वाजंत्र्यांबरोबर वाजवायला बंदी. दरबारी ट्रम्पेटवाल्याला मान होता, नेमणूक होती. पोरं बापाचीच वाट धरत, मुली त्याच वर्तुळात दिल्या जात. बाखची दुसरी बायको आना माग्डालेना ही वाइसेनफेल्सच्या दरबारी ट्रम्पेटवाल्याची मुलगी.

त्याच वाइसेनफेल्समध्ये योहान एर्न्स्ट आल्टेनबुर्ग १७३४ मध्ये जन्मला. बाप दरबारी ट्रम्पेटवाला, विद्या बापाकडूनच. पण १७४६ मध्ये तिथलं ड्यूकचं घराणं संपलं, दरबार मोडला. त्याला कुठेच दरबारी जागा मिळाली नाही. शेवटी तो बिटरफेल्डला चर्चमध्ये ऑर्गन वाजवत राहिला. १७९५ मध्ये त्याने ट्रम्पेटच्या विद्येवर पुस्तक छापलं, जवळजवळ सगळं हातातून गेल्यावर. पुढे व्हॉल्व्हचा, म्हणजे कळ दाबून स्वर बदलणारा, ट्रम्पेट आला आणि उंच स्वर ओठांवर तोलण्याची ती कला दीडशे वर्षं निजली. १९६० च्या सुमारास जर्मनीत ती पुन्हा उठवू लागले तेव्हा सूर साधायला नळीला बारीक भोकं पाडावी लागली.

म्हणून मला चुलतभावाचं पटतं. दार बंद ठेवलेली विद्या त्या घराबरोबरच जाते, मग घर सनदेचं असो वा जातीचं. बाखचा लाइपझिगमधला ट्रम्पेटवादक गोटफ्रीड राइखे संघाबाहेरचा, महापालिकेच्या पगारावरचा वाजंत्री होता आणि त्याच्यासाठी बाखने काय काय लिहिलं ते पाहा! पण 'सुटला ते बरं झालं' एवढ्यावर थांबणं मला मान्य नाही. राइखेला शहराचा पगार होता. गुरवकाकांना मात्र वर्षाचं धान्य, सणाला लुगडं-धोतर आणि आरतीनंतरचा नारळ. मुलगा कलेपासून पळाला नाही, उपाशी राहण्यापासून पळाला. आम्ही यंत्रासाठी वर्गणी काढली, माणसासाठी कधीच नाही, यात मीही आले.

मी ग्रुपवर लिहिलंय: दसऱ्यापासून वाजवणाऱ्याच्या पगारातला माझा वाटा दर महिन्याला पाठवीन. अट एकच, शिकायला गावातला कुठलाही मुलगा, कुठलीही मुलगी बसेल. आत्याने लगेच होकार दिला. आबांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. काल रात्री त्यांचा फोन आला. गुरवकाकांना ते भेटून आलेत, आणि काकांनी सनईची नवी पत्ती मागितली आहे.