‘हिटलरच्या हुकमावरून बिनदोराचा आयगर’ : या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा बघू

आमच्या फॅमिली ग्रुपवर भाच्याने एक फॉरवर्ड टाकलं. १९३८ साली हिटलरच्या हुकमावरून अँडर्ल हेकमायर हा जर्मन गाईड तीन जणांना घेऊन स्वित्झर्लंडमधल्या आयगर डोंगराच्या नॉर्थ फेसवर (उत्तरेकडच्या उभ्या भिंतीवर) बिनदोराचा, निव्वळ जिद्दीवर चढला, त्याबद्दल त्याला ऑलिम्पिक गोल्ड मिळालं, टीमचा लीडर हाइनरिश हॅरर होता आणि हेकमायर पुढे डोंगरातच गेला. खाली भाच्याची कॉमेंट : ‘बघ मामा, रोप-बिप सगळं मनाचे खेळ.’ हा मुलगा पुढच्या महिन्यात तैलबैलाची कातळभिंत चढणारे म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असली फॉरवर्ड मी वाचतही नाही.

आधी गोल्ड. बर्लिन ऑलिम्पिक १९३६ ला झालं आणि चढाई झाली जुलै १९३८ मध्ये, दोन वर्षं नंतरच्या चढाईला मेडल कसं देणार? गिर्यारोहणाला तेव्हा ऑलिम्पिक बक्षीस असायचं हे खरं, पण १९३६ चं हिमालयातल्या कामासाठी डीहरेनफुर्थ या गिर्यारोहक नवरा-बायकोला गेलं. विषय संपला.

आता बिनदोराचा. चौघांकडे रोप होते, मेखा होत्या, बर्फाच्या कुऱ्हाडी होत्या. उलट सामानातल्या फरकावरच गंमत झाली. हॅरर आणि कास्पारेक हे ऑस्ट्रियन २१ तारखेला निघाले, हेकमायर आणि त्याचा जोडीदार फ्योर्ग दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तरी त्याच दिवशी त्यांनी वरच्या दोघांना गाठलं. का, तर हेकमायर-फ्योर्गच्या बुटांना बारा दातांचे क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते) होते, पुढचे दात थेट बर्फात रोवायचे, आणि हॅररकडे क्रॅम्पॉनच नव्हते, नुसते खिळ्यांचे बूट, त्यामुळे बिचारे पायऱ्या खोदत बसले होते. हे हॅररने स्वतःच्याच आयगरवरच्या पुस्तकात लिहिलंय, मी कुठून शोधून काढलेलं नाही. पुढे अव्हलांचने, म्हणजे वरून कोसळणाऱ्या बर्फाच्या लोटाने, झोडपल्यावर चौघं एकाच रोपला बांधून घेऊन वर गेले. वरच्या भेगांत हेकमायर घसरला, फ्योर्गने त्याला हातांनी अडवलं, क्रॅम्पॉनचा दात फ्योर्गच्या तळव्यातून आरपार. पायथ्याच्या ग्रिंडेलवाल्ड गावातल्या डॉक्टरने दिलेल्या औषधाच्या थेंबांची बाटली होती, अडचणीत फक्त दहा थेंब घ्यायचे असं बजावलेलं, हेकमायरने अर्धी फ्योर्गला पाजली आणि उरलेली तहान लागली म्हणून स्वतः पिऊन टाकली!

आणि रोप मनाचा खेळ म्हणणाऱ्याने याच भिंतीवरचं १९३६ चं वाचावं. चौघांच्या टीममधल्या हिंटरश्टॉयसरने एक आडवा कातळ पार केला आणि सगळे पलीकडे आल्यावर रोप काढून घेतला. परतायची वेळ आली तर तो कातळ उलटा पार होईना, कारण रोप नाही. चौघांचाही जीव गेला. शेवटचा टोनी कुर्त्स रोपवर लटकत खाली येत होता, दोन रोप जोडल्याची गाठ कॅरॅबिनरमध्ये (रोप अडकवायच्या धातूच्या कडीत) अडकली आणि सुटकेला आलेले लोक काही मीटरवर खाली बघत असताना तो तिथेच मेला. काय मनाचे खेळ?

लीडर हॅरर? चौघं एकत्र आल्यावर पुढे हेकमायरच होता. हॅररचं नाव पुढे तिबेटमध्ये राहिल्यामुळे आणि त्यावरच्या पुस्तकामुळे मोठं झालं, बाकी काही नाही. (तिबेटच्या आधी इंग्रजांनी त्याला पकडून आपल्या अहमदनगरच्या कॅम्पात डांबलं होतं, फॉरवर्ड करायचं तर हे करा.)

हिटलरचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. चढाईनंतर चौघांना हिटलरसमोर उभं केलं, फोटो काढले, प्रचारात मनसोक्त वापरलं, आणि हॅरर एसएसमध्ये, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलात, होता. पण हुकूम वगैरे काही नाही, ही भिंत हेकमायरच्या डोक्यात त्याच्या आधीपासूनच होती.

डोंगरात गेला म्हणे. जर्मनीतल्या ओबर्स्टडोर्फला वर्षानुवर्षं गाईडचं काम करून, जर्मन गाईडांची संघटना उभी करून २००५ ला ९८ व्या वर्षी गेला.

भाच्या, माझं हार्नेस (रोप बांधायचा कमरेचा पट्टा) हॉलमधल्या कपाटात खालच्या खणात आहे. शनिवारी येऊन घेऊन जा, आणि बकल मला दाखवल्याशिवाय निघायचं नाही.