अमेरिकेतली 'चोरटी पोरं' खरंच वाढत चालली आहेत का?

"अमेरिकेत अल्पवयीन मुलांच्या चोऱ्या दरवर्षी वाढताहेत, अटकेचे आकडेच बघा," हा मजकूर पुन्हा फिरतोय. असल्या मजकुरांच्या जोरावरच कोवळ्या पोरांना प्रौढांच्या न्यायालयात उभं करा अशी मागणी होते, म्हणून त्यातले दावे एकेक करून तपासायला हवेत.

"दरवर्षी वाढ." साफ चूक. मालमत्तेच्या गुन्ह्यांत एफबीआय चार प्रकार धरते: घरफोडी, साधी चोरी, वाहनचोरी, जाळपोळ. यांतल्या अल्पवयीनांच्या अटकांचा दर १९९०च्या दशकाच्या मध्यापासून उतरत गेला. २००७-०८ मध्ये थोडा चढला, मग पुन्हा घसरला. सगळे गुन्हे धरले तरी १८ वर्षांखालच्यांच्या अटका २०१९ मध्ये सुमारे ६ लाख ९७ हजार होत्या, २०२० मध्ये ४ लाख २४ हजार.

"जितक्या अटका तितके चोर." खरी गफलत इथे आहे. तिघांनी मिळून एक गाडी पळवली आणि तिघंही सापडले, तर गुन्हा एक, अटका तीन. एकच मुलगा वर्षात चारदा पकडला गेला, तर अटका चार. मुलं टोळक्यानं चोरी करतात आणि सहज सापडतात, त्यामुळे अटकांमधला त्यांचा वाटा प्रत्यक्ष गुन्ह्यांपेक्षा फुगलेला दिसतो.

"२०२० नंतर स्फोट." त्या वर्षी शाळा-दुकानं बंद होती. तळाला गेलेल्या वर्षाशी ताडून पाहिलं की कुठलीही वाढ डोंगराएवढी दिसणारच. २०२१ तर तुलनेला घेऊच नये: १ जानेवारीपासून एफबीआय फक्त नव्या नोंदपद्धतीतलीच माहिती घेऊ लागली आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससह हजारो पोलीस खात्यांची माहिती आलीच नाही.

गाडीचोऱ्या वाढल्या, हे मात्र खरं. इमोबिलायझर (खरी चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारं उपकरण) नसलेल्या किया-ह्युंदाई गाड्या पळवण्याचे व्हिडिओ पसरले आणि त्यात अल्पवयीन मुलंही होती. पण मालमत्तेच्या गुन्ह्यांतला मोठा हिस्सा साध्या चोरीचा, त्यात दुकानातली उचलेगिरी आली. एका प्रकारावरून चारही प्रकारांचा निकाल लावता येत नाही.

अटका घटल्या म्हणजे चोऱ्याही घटल्या, असंही कुणी म्हणू नये. २०१९ मध्ये मालमत्तेच्या अवघ्या १७.२ टक्के गुन्ह्यांची उकल झाली. उरलेल्यांत मुलं किती आणि मोठी माणसं किती, ते अटकांच्या तक्त्यात सापडत नाही. तुलना करायचीच तर १० ते १७ वयाच्या दर लाख मुलांमागचा दर घ्या, चारही प्रकार वेगळे ठेवा, आणि त्या वर्षी किती खात्यांनी माहिती दिली ते आधी बघा.