काळविटाच्या पाठीवर कूलरचं पाणी

अकरा दिवस. अकरा दिवस मी एका काळविटाच्या जलरंगातल्या चित्रामागं लागलो होतो आणि आज दुपारी आमचे बंधुराज आले, "काय उकडायलंय राव" म्हणत कूलर फुल्लवर टाकला, तोंड सरळ माझ्या टेबलाकडं, आणि त्या डबड्यानं पहिल्याच झटक्यात चार थेंब थुंकले. त्यातला एक बरोब्बर पाठीवर. अर्धवट वाळलेल्या रंगावर थेंब पडला की पाणी सगळा रंग कडंला ढकलतं आणि मधी पांढुरकी फुलकोबी उगवते. वर हा म्हणतो, "भारी दिसायलंय की, पाठीवर ऊन पडल्यासारखं." ऊन!!

ओल्या ब्रशनं उचलून घे म्हणाल तर घेतला की. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी मिसळून केलेला काळपट होता, बऱ्यापैकी उचलला पण गेला, पण त्याच्यासोबत झिरो नंबरच्या बारीक ब्रशनं एकेक ओढलेले केसही गेले त्याचं काय? शिंगांच्या पिळावरची वळी काढायला तीन दिवस गेलेत माझे, ती तेवढी वाचली.

आणि ते जलरंग शिकवणारे व्हिडिओवाले. "कागद ओला करा, चकाकी जाईपर्यंत थांबा." थांबा?? मे महिन्यात, लातूरला? पारा ४२ ला टेकलाय, ब्रश रंगात बुडवून परत येईस्तोवर कागद पापड झालेला असतो. पाठ गोल दिसायची तर रंगाची कड विरघळायला पाहिजे, इथं प्रत्येक कड सुरीनं कापल्यासारखी. फॅन लावला की अजून लवकर वाळतं, बंद केला की कपाळाचा घाम टपकतो. म्हणून पहाटे पाचला उठून बसायलो होतो, दोन तास बरे जातात, मग पत्रा तापतो.

पोटाचा आणि डोळ्याभोवतीचा पांढरा भाग कागदाचाच राखावा लागतो, तिथं रंग लागू नये म्हणून मास्किंग फ्लुइड (वाळल्यावर सोलून काढायचं रबरी द्रव) लावलं होतं, ते या गरमीत असं चिकटलं की सोलताना कागदाचा पापुद्राच घेऊन आलं. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद, पुण्याहून मागवलेला, कारण इथल्या दुकानात वॉटरकलर पेपर मागितला की ड्रॉइंगचा जाड कागद हातात देतात आणि "एकच असतंय हो" म्हणतात. एकच नसतंय!

पाण्याचं तर बोलूच नका. बोअरचं पाणी एवढं क्षाराचं की बादलीला पांढरा थर बसतो, म्हणून प्यायच्या जारमधलं दोन ग्लास घेतो तर आई रोज ऐकवते, "रंग धुवायला जारचं पाणी लागतंय का रे तुला?" तिचंही चूक नाही म्हणा, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आमच्या गावाला, तिथं मी छंद कुठला निवडला तर जलरंग. तैलरंग सुचला नाही गाढवाला.

संध्याकाळी काका आले. "हरीण छान आहे, पण पाठीला खरूज झालीय का?"

आणि आत्ता मी हे लिहायलोय तर बंधुराज कूलरसमोर ढाराढूर. टाकी खडखड वाजायलीय, पाणी संपलंय, आणि आज भरायची पाळी माझी आहे.