नगरसेवकांचे मानधन आणि व्हॉट्सॲपवरचा हिशेब

महापालिका निवडणुकांचा मोसम आला की नगरसेवकांच्या कमाईविषयीचा एक मजकूर गटागटांतून फिरू लागतो. त्याचा आशय असा की नगरसेवक आपला पगार आपणच वाढवून घेतात, एकदा निवडून आले की त्यांना जन्मभर पेन्शन मिळते, या खर्चाने पालिकेची तिजोरी रिकामी होते आणि म्हणून हे काम त्यांनी फुकट, सेवा म्हणून करावे. मजकुरामागचा संताप समजण्यासारखा आहे. हिशेब मात्र चुकीचा आहे.

पगार स्वतः वाढवून घेण्याचा अधिकार नगरसेवकांना नाही. सर्वसाधारण सभेने कितीही ठराव केले तरी मानधनाची रक्कम राज्य शासन ठरवते. जुलै २०१७ मधील शासन निर्णयाने मुंबईतील नगरसेवकांचे मानधन दरमहा १०,००० रुपयांवरून २५,००० रुपये झाले. पुणे व नागपूर येथे ते २०,०००, ठाणे, नाशिक व पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांत १५,००० आणि लहान महापालिकांत १०,००० रुपये ठरले. आपल्या वेतनाचे विधेयक आपणच मंजूर करण्याची सोय आहे ती आमदारांना, आणि २०१६ मध्ये विधिमंडळाने ती वापरलीही.

पेन्शनच्या दाव्याचा उगमही बहुधा तिथलाच असावा. माजी आमदारांना दरमहा किमान ५०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. माजी नगरसेवकांना असे निवृत्तिवेतन नाही. पुण्यात माजी नगरसेवकांना महापालिकेच्या अंशदायी वैद्यकीय साहाय्य योजनेचा लाभ मिळतो. तो कोणाला आणि किती काळ द्यावा यावर वाद जरूर घालावा, पण त्याला पेन्शन म्हणू नये.

तिजोरीच्या मुद्द्यासाठी साधा गुणाकार पुरेसा आहे. मुंबईत २२७ निर्वाचित नगरसेवक आहेत. प्रत्येकी २५,००० रुपये धरले तर वर्षाला ६ कोटी ८१ लाख रुपये होतात, आणि मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. म्हणजे सुमारे अकरा हजार रुपयांतला एक रुपया. बैठक भत्ता आणि पदाधिकाऱ्यांच्या गाड्या धरल्या तरी तिजोरी रिकामी होण्याइतकी ही रक्कम वाढत नाही. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे मुंबईत प्रशासकाचा कारभार होता आणि नगरसेवकांच्या मानधनाचा प्रश्नच नव्हता. त्या बचतीतून खड्डे बुजल्याचे कोणाला आठवत असेल असे वाटत नाही.

याच मजकुरात नगरसेवक निधीची रक्कम पगारात मिळवून मोठा आकडा दाखवला जातो, आणि खरी गफलत इथेच आहे. हा निधी नगरसेवकाच्या खात्यात जमा होत नाही. नगरसेवक गल्लीतले गटार किंवा पेव्हर ब्लॉक सुचवतो, अभियंता अंदाजपत्रक तयार करतो, निविदा निघते आणि बिल कंत्राटदाराला मिळते. टक्केवारी खाल्ली जाते ती याच वाटेवर. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असणाऱ्याला नगरसेवकपदासाठी अपात्र ठरवणारी तरतूद कायद्यात आहे, पण कंत्राट मेव्हण्याच्या नावावर असले की ती सिद्ध करणे अवघड होते. ज्याला टक्केवारीच हवी आहे त्याला मानधन बंद झाल्याने काही फरक पडणार नाही.

उरला सेवेचा आग्रह. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतील एका प्रभागात सरासरी ५५,००० लोक राहतात. पाणी आले नाही, चेंबरचे झाकण गेले, रुग्णालयात खाट हवी, दाखल्यावर सही हवी, अशा कामांसाठी सकाळपासून माणसे दारात उभी असतात. कार्यालयाचे भाडे आणि पत्रे लिहिणाऱ्या मुलाचा पगार दिल्यावर २५,००० रुपयांतले किती उरत असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. शिवाय मुंबईसारख्या ‘अ’ वर्गाच्या महापालिकेत उमेदवाराची निवडणूक खर्चमर्यादा १५ लाख रुपये आहे, आणि मुंबईतील पाच वर्षांचे मानधनही बरोबर १५ लाखच होते. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. आरक्षित प्रभागातून निवडून आलेल्या, घरकाम किंवा शिकवण्या करून संसार चालवणाऱ्या बाईला फुकट काम करायला सांगितले तर ती एक तर उभीच राहणार नाही, किंवा तिचा खर्च उचलणाऱ्याच्या तालावर चालेल. फुकटची सेवा बिल्डरलाच परवडते.

मानधनाचा आढावा घ्यायलाच हवा, पण वेगळ्या रीतीने. रक्कम ठरावीक मुदतीने, निवडणुकीआधी जाहीर करून ठरवावी आणि ती पुढच्या सभागृहाला लागू करावी. सभांना दांडी मारणाऱ्याचे मानधन कापावे. गाड्या, अभ्यास दौरे आणि वैद्यकीय खर्च यांचा नगरसेवकनिहाय तपशील दरवर्षी पालिकेच्या संकेतस्थळावर टाकावा, आणि त्याशेजारी त्या प्रभागातील निधीची कामे कोणत्या कंत्राटदाराला गेली तेही छापावे.